किहीमचा उजेड

किहीमच्या किनाऱ्यावर काढलेले बहुतेक फोटो एकमेकांसारखे दिसतात. तांबूस आकाश, बुडता सूर्य, पुढे काळ्या आकृत्या झालेली माणसं आणि कडेला एखादं सुरूचं झाड. शनिवार-रविवारी मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेले लोक चोंढी नाक्यावरून किहीमला पोचतात, ऊन कललं की वाळूत येतात, आणि सगळे कॅमेरे एकाच वेळी एकाच दिशेला रोखले जातात. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. संध्याकाळी उजेड समोरून येतो, त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा काळोखात जातो. मग काळी आकृती हाती लागते आणि तीच सुंदर मानली जाते. सुंदर ती असतेच, पण तो फोटो किहीमचा नसतो. तो गोव्याचा, गणपतीपुळ्याचा किंवा कोचीचाही असू शकतो.

किहीमचाच म्हणता येईल असा फोटो कसा निघतो? हा प्रश्न मला अनेक वर्षं खुणावतो आहे. उत्तराच्या शोधात मी भिंगांच्या याद्या वाचल्या, थोरामोठ्यांचे संग्रह पाहिले, पण उत्तराचा सगळ्यात मोठा भाग अशा एका माणसाकडे सापडला, ज्याची ओळख छायाचित्रकार म्हणून कुणी करून देत नाही. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली १९३० च्या पावसाळ्यात याच गावात राहिले होते. त्यांनी इथे काय केलं ते समजून घेतलं, तर छायाचित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते आणि ती टिकते कशी, हे बऱ्यापैकी उलगडतं.

१९२६ पासून ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते होते. पुढचं शिक्षण घ्यावं म्हणून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांचं शास्त्र केवळ कातडी भरून कपाटात ठेवण्याचं नाही, जिवंत पक्षी काय करतो हे टिपण्याचं आहे, ही दृष्टी त्या काळात युरोपात जोर धरत होती. १९३० साली ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचं पदच रद्द झालेलं होतं. वय तेहतीस, लग्न झालेलं, नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपणारा नव्हता. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला आप्तांच्या घरी येऊन राहिले.

त्या काळी किहीमला पावसाळ्यात येणं म्हणजे जगाशी संबंध तोडणं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात आजही बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली ती २०२० मध्ये. त्याआधी जून ते सप्टेंबर या भागात येणं सोपं नव्हतं. पर्यटक नाहीत, मासेमारी बंद, भातलावणी चालू, आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत. सालिम अली ती वसाहत रोज, तासन्‌तास बघत बसले. कोणता नर कोणत्या दिवशी कोणतं घरटं विणायला घेतो, मादी कधी येते, कुठे शिरते, कुठून परत फिरते, याच्या नोंदी ठेवल्या. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, सुगरणीच्या घरट्यांवरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. भारतीय पक्षिशास्त्रात तो निबंध आजही मैलाचा दगड मानला जातो.

त्यांनी काय पाहिलं, हे जरा बारकाईनं सांगायला हवं, कारण छायाचित्रकारासाठी सगळी मेख तिथे आहे.

घरटं विणतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. एरवी तो चिमणीसारखाच मळकट दिसतो. गवताच्या, भाताच्या किंवा उसाच्या पानावर तो बसतो, पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. त्याच्या उडण्यानंच पानाची लांब धांदोटी सोलली जाते. ती धांदोटी मागे लोंबत असताना तो झाडाकडे झेपावतो. शिंदीच्या, माडाच्या झावळीच्या टोकाला किंवा विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांदीला तो आधी नुसता वेढा घालतो, गाठ मारतो, त्यातून कडं तयार करतो. कड्याच्या एका बाजूला घुमट उतरू लागतो. या टप्प्याला पक्षिनिरीक्षक शिरस्त्राणाची अवस्था म्हणतात. इथवर यायला नराला साधारण आठवडाभर लागतो.

आणि इथे तो थांबतो. अर्धवट घरट्याला लटकून, पंख फडफडवत तो जोरजोरात ओरडू लागतो. माद्या येतात. घरट्यात शिरतात, आतून ओढून-ताणून बघतात, निघून जातात. एखादी राहिली तर नर पुढचं काम हाती घेतो. अंड्यांची खोली बंद करतो, खाली लोंबणारी नळी विणतो. पूर्ण घरट्याला अडीच आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो आणि त्यासाठी त्याच्या शेकडो खेपा होतात. मादी अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं सुरू करतो. तेही कुणाला पसंत पडलं तर तिसरं. एकामागून एक जोड्या जमवण्याची ही रीत सालिम अलींनी किहीमला उलगडून दाखवली. ज्या अर्धवट घरट्यांना लोक नराचे झोपाळे समजत, ती खरं तर माद्यांनी नाकारलेली घरटी होती, हेही त्यातून कळलं. आतल्या भिंतीला नर ओल्या मातीचे गोळे लावतो. त्यात तो काजवे चिकटवून रात्री उजेड करतो, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. बसून बघणाऱ्याला माती दिसली, काजवे दिसले नाहीत.

आता कॅमेरा घेऊन त्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला झाडावर वीस-पंचवीस लोंबती घरटी दिसतात आणि इकडेतिकडे उडणारे पक्षी. तो शंभर फोटो काढतो. त्यातला एखादा नशिबानं बरा येतो. ज्याला ठाऊक आहे तो पूर्ण झालेल्या घरट्यांकडे ढुंकूनही बघत नाही. शिरस्त्राणापर्यंत आलेलं, ताज्या हिरव्या धांदोट्यांचं एकच घरटं तो निवडतो आणि त्यावर भिंग लावून बसतो. कारण निवाडा तिथे व्हायचा असतो. मादी आत गेली आहे, नर बाहेर उलटा लटकून थरथरतो आहे, हा क्षण त्याला अपेक्षित असतो. हिरवा रंगसुद्धा त्याला माहिती देतो. विणकाम वाळत गेलं की घरटं पिवळट, मग तपकिरी होतं. जे घरटं अर्धवट राहून तपकिरी झालं, तिथे काही घडणार नाही.

घरटी झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत, हेही बघण्यासारखं असतं. बहुतेक ती पूर्वेच्या अंगाला असतात, कारण पावसाळी वारं नैर्ऋत्येकडून येतं आणि झाडाच्या आडोशानं घरटी वाचतात. छायाचित्रकाराला याचा सरळ फायदा आहे. सकाळचा उजेड थेट घरट्यांवर पडतो. संध्याकाळी गेलात तर सगळं सावलीत. पक्ष्यानं वाऱ्याचा हिशेब केला, तो आपल्या उजेडाच्याही कामी आला.

मी भिंगाचे आकडे टाळतो आहे असं वाटू नये, म्हणून सांगतो. धांदोटी घेऊन उडणारा नर गोठवायचा असेल तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास हवं. ढगाळ दिवशी त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो, थोडा रवा (ग्रेन) येतो, तो येऊ द्यावा. ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंग असेल तर झाडापासून लांब बसता येतं आणि लांब बसणं हीच इथली पहिली अट आहे. पावसाळी उजेडाबद्दल लोक तक्रार करतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक उजेड वाटतो. ढगांनी ऊन गाळलेलं असतं, सावल्या कठोर नसतात, ओल्या पानांचा हिरवा गडद झालेला असतो आणि त्यावर नराचं पिवळं डोकं खणखणीत उठतं. उन्हाळी दुपारी हाच पक्षी फिका दिसेल.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तर तो थांबण्याचाच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा कॅमेरे अवजड आणि फोटो टिपणाऱ्या काचा संथ. पक्ष्याजवळ पोचायला त्यांनी पोकळ बैल तयार केला आणि त्यात लपून बसले. आपल्याकडे रेल्वेत नोकरी करणाऱ्या ई. एच. एन. लोथर यांनी आयुष्यभरातल्या सुट्ट्या पक्ष्यांसाठी आडोशात बसून घालवल्या. त्यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९ मध्ये आलं.

आणि सालिम अलींच्या आयुष्यात तर एक खराखुरा छायाचित्रकार आला. लोक वान थो हे सिंगापूरचे धनाढ्य गृहस्थ, पुढे कॅथे या चित्रपट कंपनीचे सर्वेसर्वा. १९४२ मध्ये जपानी फौजा सिंगापूरवर आल्या तेव्हा ते जहाजानं निघाले. जहाजावर बॉम्ब पडले. वान थो भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचार घेऊन ते भारतात आले, मुंबईत सालिम अलींशी ओळख झाली आणि ती आयुष्यभराची मैत्री ठरली. दोघांनी मिळून कच्छपासून हिमालयापर्यंत पक्ष्यांच्या मोहिमा केल्या. वान थो यांनी खर्चाचा भार उचलला आणि आडोशात बसून फोटो काढले. त्यांचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६४ मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात ते गेले. ज्याची दृष्टी एकदा गेली आणि परत आली, त्या माणसानं उरलेली वर्षं पक्षी बघण्यात घालवावीत, यातली प्रेरणा मला कुणी समजावून सांगण्याची गरज वाटत नाही. शेजारी बसायला त्यांना सालिम अली मिळाले, हे त्यांचं भाग्य. पुढच्या क्षणी पक्षी काय करील हे जाणणारा माणूस कानाशी असला, की छायाचित्रकाराचं निम्मं काम झालेलं असतं.

मराठी माणसाला या थांबण्याचा जुना दाखला जवळ आहे. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला होता, पुरातत्त्व खात्यातही काम केलं होतं. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याच जागेवरून थोडं थोडं चित्रण करत गेले. रोपाची वाढ पडद्यावर डोळ्यांदेखत दिसू लागली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर आला, ३ मे १९१३ रोजी. भारतीय चित्रपटाची सुरुवात देवादिकांपासून झाली असं आपण म्हणतो. तिच्या आधी एका कुंडीसमोर महिनाभर बसणं होतं. सुगरणीचं घरटं बघताना मला फाळक्यांचा वाटाणा हमखास आठवतो. एकच फांदी, एकच जागा, रोज एक फोटो. अडीच आठवड्यांत गाठीपासून नळीपर्यंतचं सगळं विणकाम एका ओळीत मांडता येतं. महागडं भिंग नसलेल्या, पण गावातच राहणाऱ्या पोरानं हे केलं तर मुंबईहून आलेला कुठलाही छायाचित्रकार त्याची बरोबरी करू शकणार नाही.

आता पुन्हा वाळूकडे येऊ, कारण समुद्रालाही असंच वेळापत्रक आहे आणि ते बहुतेक फोटो काढणाऱ्यांना ठाऊक नसतं.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या अलीकडे भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि तितकंच खूप आत जातं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. थळ-नवगावच्या कोळीवाड्यांत हे घड्याळ घरातल्या लहान पोरालाही कळतं, कारण होडी बाहेर काढायची आणि परत लावायची ती त्याच्यावरच. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे पर्यटकही हाच हिशेब वापरतात, फक्त त्यांना तो दुसरं कुणी सांगतं.

छायाचित्रकारासाठी याचा अर्थ मोठा आहे. अष्टमीच्या संध्याकाळी किहीमला गेलात तर सूर्य बुडताना पाणी वर आलेलं असेल. किनारा अरुंद, गर्दी एका पट्ट्यात दाटलेली, लाटा पायाशी. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या संध्याकाळी गेलात तर साडेपाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं आणि मध्ये ओल्या वाळूचा प्रचंड विस्तार उघडा पडलेला असतो. सूर्य त्या ओल्या वाळूत पुन्हा एकदा उतरतो. खाली झुकून, कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला, की क्षितिज मधोमध येतं आणि दोन आकाशं दिसतात. चिखल्या आणि तुतवारांसारखे हिवाळी पाहुणे पक्षी तेव्हाच या ओल्या पट्ट्यावर किडे टिपत धावत असतात. यांच्याकडे चालत जाऊ नये. एका जागी बसावं, ते चरत चरत आपल्याकडे येतात.

सूर्य कुठे बुडतो हेही वर्षभर बदलत राहतं. जूनच्या अखेरीस तो वायव्येला, उघड्या समुद्रात बुडतो. डिसेंबरच्या अखेरीस नैर्ऋत्येला, खांदेरी-उंदेरीच्या बाजूला. दोन टोकांत जवळपास ५० अंशांचा फरक आहे. तेव्हा खांदेरी किल्ल्याला सोबत घेऊन मावळतीचा फोटो हवा असेल तर तो हिवाळ्यातच मिळणार. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांचाही जळफळाट झाला. बेटावरचं दीपगृह एकोणिसाव्या शतकातलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. किहीमच्या वाळूत उभं राहून त्या दिशेला पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. समुद्री किल्ल्यांचा आकार खालून कळत नाही हे खरं. उद्धव ठाकरे यांनी हवाई छायाचित्रांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक काढलं तेव्हा अनेकांना आपल्या किल्ल्यांची तटबंदी पहिल्यांदा पूर्ण दिसली. पण किनाऱ्यावरून दिसणारा किल्ला हा कोळ्याला रोज दिसणारा किल्ला आहे. त्याची किंमत वेगळी आहे.

किनाऱ्यावरची सकाळ मला संध्याकाळपेक्षा जास्त आवडते, आणि ती जवळपास कुणीच वापरत नाही. सूर्य मागून, नारळी-पोफळीच्या वाड्यांवरून येतो. तो वर चढेपर्यंत किनाऱ्यावर सावली आणि समुद्रावर ऊन, असा काही वेळ असतो. लाटांच्या कडा उजळलेल्या, पुढची वाळू निळसर. त्यानंतर माणसांच्या चेहऱ्यावर समोरून उजेड पडतो. काम करणारा माणूस दिसतो तो तेव्हा. जाळं झटकणारे, जवळा वाळत घालणाऱ्या, होडीला रंग लावणारे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. नारळी पौर्णिमेआधी होड्या रंगवल्या जातात. हे सगळं सकाळच्या उजेडात.

माणसांचे फोटो काढताना मात्र पक्ष्यांपेक्षा जास्त जपावं लागतं. मासळी वाळवणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तिच्या तोंडासमोर भिंग धरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. आपल्याकडे याचे चांगले धडे घालून दिलेले आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. गटारात उतरणाऱ्या त्या माणसांबरोबर राहिल्याशिवाय ते फोटो निघूच शकले नसते. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून तमाशा कलावंतांचं जग छायाचित्रांतून मांडलं. दोघांच्याही कामात एक गोष्ट समान आहे. समोरची माणसं कॅमेऱ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशी बघत नाहीत. बाईला मावशी म्हणून हाक मारावी, चार शब्द बोलावेत, मासळीचा भाव विचारावा, फोटो काढू का म्हणून विचारावं. ती नको म्हणाली तर कॅमेरा पिशवीत. हो म्हणाली तर पुढच्या खेपेला छापलेला फोटो नेऊन द्यावा. मोबाइलवर पाठवता येतो, तरी छापून द्यावा. घराच्या भिंतीवर लागलेला फोटो त्या घरानं तुम्हाला दिलेलं प्रमाणपत्र असतं.

प्रेरणेसाठी फार लांब जायची गरज नसते, हे पटवणारं आणखी एक ठिकाण किहीमपासून थोड्याच अंतरावर आहे. सासवन्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं संग्रहालय आहे. १८९१ मध्ये याच गावात ते जन्मले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी लहान वयात काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या पाठिंब्यानं हा मुलगा जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी १९२८ मध्ये घडवला. पण सासवन्याच्या घरात खिळवून ठेवतात ती आसपासची माणसं आणि जनावरं. कोळीण, म्हैस, कुत्रा. जगभर नाव झालेल्या माणसानं हात घातला तो अंगणातल्या म्हशीला. छायाचित्रकारानं तिथे दिवसभर बसावं. खिडकीतून येणारा उजेड सकाळी शिल्पाच्या गालावर कसा पडतो आणि दुपारी कसा, हे बघावं. उजेडानं आकार घडतो, हा धडा पुस्तकात वाचून कळत नाही.

या पट्ट्याचं रूप मात्र झपाट्यानं पालटतं आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा सुरू, माड, पोफळी आडव्या झाल्या. ती झाडं पुन्हा लावता येतात. बंगल्यांसाठी गेलेली भातखाचरं परत येत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली आहे. किहीम, आवास, सासवने या गावांत उंच कुंपणं आणि कापलेली हिरवळ वाढते आहे. हिरवळीच्या गवताची धांदोटी निघत नाही. सुगरणीला भात लागतो, उंच गवत लागतं, शिंदी लागते, आणि जवळपास पाणी लागतं. विहिरीवर वाकलेली बाभूळ 'घाण करते' म्हणून तोडली जाते, तेव्हा पुढच्या पावसाळ्यातली वसाहत तोडली जाते. म्हणूनच किहीमच्या सुगरणींचे फोटो काढले जावेत असं मला मनापासून वाटतं. १९३० ची नोंद आपल्याकडे आहे. आजची नोंद आज ठेवली नाही तर शंभर वर्षांनी तुलना कशाशी करायची?

पण ते फोटो पक्ष्याच्या जिवावर काढू नयेत. घरटं स्पष्ट दिसावं म्हणून आडवी फांदी तोडणं, पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावणं, वसाहतीवर ड्रोन नेणं, हे सगळं चालतं आणि ते थांबलं पाहिजे. फांदी गेली की कावळ्याला आणि सापाला वाट मोकळी होते. आज निसर्ग छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धा घरट्यातल्या पक्ष्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत, त्याचं कारण हेच. सुगरणीचं घरटं उघड्यावर लटकतं, त्यामुळे लांबून फोटो मिळतो. तेवढ्यावर समाधान मानावं. नर आपल्याकडे बघून ओरडू लागला, माद्या झाडावर उतरेनाशा झाल्या, की आपण फार जवळ आलो आहोत. उठावं आणि मागे सरकावं.

दिवाळीत किहीमला जाणार असाल तर एक सोय आपोआप झालेली आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. त्या संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी असते आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. ओल्या वाळूच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या विस्तारांपैकी एक त्या दिवशी किनाऱ्यावर पसरलेला असतो आणि गावकरी पूजेच्या गडबडीत घरात असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आतल्या रस्त्यांनी शेतांकडे जा. कापणी झालेली किंवा चालू असेल. विहिरीकाठच्या शिंदीवर सुगरणींची घरटी अजून लटकलेली दिसतील, तपकिरी आणि रिकामी. ती निरुपयोगी नाहीत. मुनियांसारखे छोटे पक्षी त्यात रात्री आसरा घेतात, कधी अंडीही घालतात. ती काढून घरात शोभेला टांगू नका, रस्त्यात कुणी विकत असेल तर विकत घेऊ नका. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि जूनमध्ये त्याच झाडाखाली परत या.